दहा शिलिंगांचें गाणें

गाण्याचें यश आंकड्यांनीं मोजण्याची रीत अमेरिकेंत जुनी आहे. ‘बिलबोर्ड’ नांवाचें, करमणुकीच्या धंद्याला वाहिलेलें एक पत्र तेथें १८९४ पासून निघतें. या पत्रानें १९५८ च्या ऑगस्ट महिन्यांत ‘हॉट हंड्रेड’ या नांवानें शंभर गाण्यांची एक यादी दर आठवड्यास छापण्याचा क्रम सुरू केला. देशांत कोणत्या तबकड्या किती खपल्या आणि नभोवाणी केंद्रांवरून कोणत्या कितीदां वाजल्या, यांचा मेळ घालून ही यादी तयार होई. तिच्या माथ्यावर चढणें म्हणजे गाणाऱ्याची, तबकडी काढणाऱ्या कंपनीची आणि गाण्याचे हक्क बाळगणाऱ्या प्रकाशकाची, अशी तिघांचीहि चंगळ. १८ डिसेंबर १९६१ च्या यादींत या माथ्यावर ‘द लायन स्लीप्स टुनाइट’, म्हणजे ‘आज रात्रीं सिंह निजला आहे’, हें गाणें जाऊन बसलें व तीन आठवडे तेथून हललें नाहीं.

गाणारे होते न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील चार तरुण. त्यांच्या मेळ्याचें नांव ‘द टोकन्स’. मौज अशी कीं, आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें काढलेल्या या तबकडीच्या दर्शनी बाजूवर ‘टीना’ नांवाचें दुसरेंच गाणें होतें आणि सिंहाचें गाणें मागल्या बाजूस भरतीला घातलेलें होतें. नभोवाणीवर तबकड्या वाजविणाऱ्यांनीं ती उलटून लावली, आणि ‘टीना’ला आज कोणी ओळखीत नाहीं. गाणें तसें हंसतेंखेळतें, मुलांनीं फेर धरून म्हणावें असें. खालच्या पट्टींत एकाच निरर्थक वाटणाऱ्या शब्दाचा घोष सारखा चालू असतो, त्यावर एक पुरुषी आवाज बारीक होत होत वर चढतो, आणि त्याच्याहि वर अनिटा डॅरियन या कसलेल्या गायिकेचा स्वर घारीसारखा तरंगत राहतो. इंग्रजी शब्दांच्या कर्तृत्वाचें श्रेय जॉर्ज डेव्हिड वाइस, ह्यूगो पेरेटी व लुइजी क्रिएटोर या तिघांचें. तिघेहि धंद्यांत मुरलेले; एल्व्हिस प्रेस्ली यानें त्याच वर्षीं म्हटलेलें एक सुप्रसिद्ध प्रेमगीत याच त्रयीचें. सॉलोमन लिंडा हें नांव मात्र श्रेयांत कोठेंच नव्हतें.

हा लिंडा कोण, हें समजून घेण्यासाठीं अमेरिका सोडून दक्षिण आफ्रिकेंत, आणि तेंहि बावीस वर्षें मागें, जावें लागतें. सॉलोमन लिंडा हा झुलु समाजांतला. नाताळ प्रांतांतील डोंगराळ मुलुखांत १९०९ सालीं त्याचा जन्म झाला. लहानपणीं गुरें राखण्याचें काम आणि मिशनच्या शाळेंत कानावर पडलेलीं ख्रिस्ती भजनें, एवढीच त्याची शिदोरी. पोटासाठीं तो १९३१ च्या सुमारास जोहान्सबर्गला आला. सोन्याच्या खाणींवर वाढलेल्या या शहरांत खेड्यापाड्यांतून आलेले हजारों पुरुष बायकामुलांवांचून वसतिगृहांत राहत, आठवडाभर राबत आणि शनिवारच्या रात्रीं गाण्याच्या चढाओढी लावीत. या चढाओढींत लिंडाचा ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’ हा मेळा नांवारूपास आला. पट्ट्यापट्ट्यांचे एकसारखे सूट, वाटोळ्या टोप्या, दुरंगी बूट असा त्यांचा थाट असे. पण खरी करामत गळ्याची होती. खर्जांत एकाच्या जागीं अनेक आवाज ठेवावयाचे, त्यांचा असा भक्कम पाया घालावयाचा कीं तो हलूं नये, आणि त्यावर स्वतः लिंडानें बायकी वाटावा इतका उंच, बारीक आवाज मोकळा सोडावयाचा. ही घडण पुढें त्या देशांत इतकी रुजली कीं, त्या तऱ्हेच्या गाण्यालाच लिंडाच्या एका गाण्याचें नांव पडलें. १९८६ सालीं पॉल सायमन या अमेरिकन गायकाच्या ‘ग्रेसलँड’ या संग्रहामुळें जगभर गाजलेला ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ हा मेळा याच परंपरेंतला आहे.

तें गाणें म्हणजे ‘म्बुबे’. झुलु भाषेंत या शब्दाचा अर्थ सिंह. १९३९ सालीं एरिक गॅलो याच्या जोहान्सबर्गमधील ध्वनिमुद्रणगृहांत तें मुद्रित झालें. काम पाहणारा ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ हाहि आफ्रिकनच होता. त्या काळीं मुद्रण सरळ मेणाच्या तबकडीवर होई. मागाहून कापाकापी किंवा जोडाजोडी करण्याची सोय नव्हती. चूक झाली, कीं तबकडी बाजूस सारून पुन्हां पहिल्यापासून गावयाचें. दोन खेपा अशाच गेल्या. तिसऱ्या खेपेस मेळा जमला. शब्द थोडके, चाल आवर्तनाची. खर्ज एकसुरी चालला आहे आणि लिंडा वर कधीं हांक मारावी तसा, कधीं विव्हळावें तसा स्वर लावीत आहे. आणि तबकडी संपावयास थोडाच अवकाश राहिला असतां त्याच्या तोंडून एक नवीच सुरावट निघाली. ती ठरलेली नव्हती. आधींच्या दोन खेपांत ती नव्हती. कांहीं क्षणांची ती लकेर. पण पुढें जगानें जें गाणें म्हणून ओळखलें, इंग्रजी शब्द ज्या चालीवर बसविले गेले, ती चाल म्हणजे हीच लकेर होय. मेणावर सुई फिरत असतां सुचलेली गोष्ट कायमची उमटली. तिसरी खेप बिघडती आणि चौथी घ्यावी लागती, तर ती त्याच्या गळ्यांतून पुन्हां निघतीच असें नाहीं.

गाणें आफ्रिकेंत अतोनात चाललें. दहा वर्षांत त्याच्या सुमारें एक लाख तबकड्या खपल्या. ज्या देशांत बहुसंख्य लोकांच्या घरीं ग्रामोफोन नव्हता, तेथें हा आंकडा थोडा नव्हे. लिंडाला या गाण्याच्या हक्कांबद्दल मिळाले दहा शिलिंग. आपल्याकडील हिशेबानें सांगावयाचें तर, रुपयास अठरा पेन्स या तेव्हांच्या दरानें सहा रुपये दहा आणे आठ पै. एकरकमी पैसे देऊन गायकाकडून सर्व हक्क लिहून घेण्याची त्या धंद्याची रीतच होती, आणि गोऱ्यांच्या कायद्याखालीं राबणाऱ्या काळ्या गायकाला वाटाघाट करण्यास जागाहि नव्हती. लिंडाला कंपनीनें आपल्याकडेच माल बांधण्याच्या कामावर ठेवलें. नोकरी मिळाली याचाच त्याला आनंद झाला असला पाहिजे. गाणें नांवाची कांहीं मिळकत असूं शकते आणि ती मुलांना ठेवून जातां येते, ही कल्पना त्याला कोणी दिलेली नव्हती.

तबकडीला मात्र पाय फुटले. लोकगीतांचा अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स याच्या हातीं आफ्रिकेंतील कांहीं तबकड्या आल्या, त्यांतून ‘म्बुबे’ त्याचा मित्र पीट सीगर याच्याकडे गेली. सीगर हा ‘द वीव्हर्स’ या चौघांच्या मेळ्यांतला. लोकगीतें गावीं, लोकांना गावयास लावावीं, हा त्याचा ध्यास. त्याला झुलु येत नव्हतें. ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तूं सिंह आहेस’, हा मूळचा घोष त्याच्या कानाला ‘विमोवे’ असा लागला, आणि तसाच त्यानें तो कागदावर उतरविला. अशा रीतीनें एका अपभ्रंशाचा जन्म झाला आणि कोट्यवधि लोकांनीं पुढें तोच शब्द आफ्रिकन म्हणून तोंडीं बसविला. १९५१ च्या अखेरीस वीव्हर्सनीं गॉर्डन जेंकिन्सच्या वाद्यवृंदासह ‘विमोवे’ मुद्रित केलें, आणि १९५२ सालीं तें लोकप्रियतेच्या यादींत चढूंहि लागलें. पण त्याच वेळीं साम्यवादी असल्याच्या आरोपावरून या मेळ्यावर बहिष्कार पडला व चढती कमान तुटली. गाण्याचें तसें झालें नाहीं. दुसरे मेळे तें गाऊं लागले. १९५९ सालीं ‘किंग्स्टन ट्रायो’नें तें घराघरांत नेलें.

आतां येथें जी गोष्ट घडली ती बारकाईनें पाहण्यासारखी आहे. वीव्हर्सच्या तबकडीवर कर्ता म्हणून ‘पॉल कॅम्बेल’ असें नांव होतें. या नांवाचा मनुष्य जगांत नव्हता. पारंपरिक गाण्यांवर हात फिरवून तीं नव्यानें मांडलीं म्हणजे त्यांचा मोबदला घेतां यावा, म्हणून मेळ्यानें व त्यांच्या प्रकाशकांनीं तें घेतलें होतें. पारंपरिक गाणें म्हणजे ज्याचा कर्ता काळाच्या उदरांत गडप झाला आहे असें, कोणाचेंहि नसलेलें. पण ‘म्बुबे’चा कर्ता कोठेंहि गडप झालेला नव्हता. त्याचें नांव मूळच्या तबकडीवर छापलेलें होतें आणि तो जोहान्सबर्गमध्यें खोकीं बांधीत होता. सिंहाचें गाणें, अपरिचित भाषा, दूरचें खंड, तेव्हां हें कोणा एका माणसानें रचलेलें असेल असें मनांतच येऊं नये, हा त्या काळच्या गोऱ्या मनाचा दोष. आपल्याकडील संतांनीं आणि शाहिरांनीं शेवटच्या चरणांत आपली नाममुद्रा घालून ठेवली, त्यांतली व्यवहारदृष्टि अशा वेळीं ध्यानांत येते. मुद्रा गाण्यांतच गुंफलेली असली म्हणजे गाणें कोठेंहि गेलें तरी धन्याचें नांव त्याच्याबरोबर चालत जातें.

सीगरला अन्यायाचा भागीदार ठरविणें मात्र योग्य होणार नाहीं. गाणें लिंडाचें आहे हें कळल्यावर त्यानें त्याला एक हजार डॉलर पाठविले, आणि आपल्या नांवें येणारा मोबदला त्यालाच द्यावा असें प्रकाशकांस सांगितलें. पुढें हें सर्व यथास्थित चाललें आहे अशा समजुतींत तो राहिला. चौकशी केली नाहीं याचा खेद त्यानें म्हातारपणीं बोलून दाखविला. सज्जनाची गाफिली आणि व्यापाऱ्याची सावधगिरी या दोहोंच्या मध्यें गरिबाचें धन कसें गळून जातें, त्याचा हा मासला.

१९६१ सालीं टोकन्स मेळ्यानें ‘विमोवे’ म्हणावयाचें ठरविलें तेव्हां वाइस व त्याचे दोन साथीदार यांनीं त्याला नवा साज चढविला. त्यांची कामगिरी हलकी लेखण्याचें कारण नाहीं. लिंडाच्या तबकडीच्या शेपटाशीं असलेली ती लकेर त्यांनीं उचलून पुढें आणली, तिला आठवणींत राहतील असे सोपे इंग्रजी शब्द दिले, आणि शिकारीच्या, धाकाच्या गाण्याचें अंगाईगीत केलें. धंद्याच्या दृष्टीनें हें अचूक होतें. लिंडाचा सिंह जागा आहे, तरुणांना साद घालणारा आहे. यांचा सिंह झोंपलेला आणि म्हणून मुलांच्या खोलींत ठेवण्याजोगा आहे. पण जिच्यावांचून हें गाणें उभेंच राहिलें नसतें ती चाल कोणाची, हा प्रश्न शब्द बदलल्यानें सुटत नव्हता.

त्यानंतर या गाण्याचीं रूपें किती झालीं याची गणती करणें कठीण. दीडशेहून अधिक गायकांनीं व मेळ्यांनीं तें म्हटलें आहे असें सांगतात. इंग्लंडांत १९६२ सालीं कार्ल डेन्व्हर यानें ‘विमोवे’ म्हटलें तें चौथ्या क्रमांकावर गेलें. त्याच्या गळ्याची ती एकाएकीं उसळी घेण्याची लकब लिंडाच्या जातीची आहे, असें कान देऊन ऐकणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं. फ्रान्समध्यें आंरी साल्व्हादोर यानें त्याला फ्रेंच वेष दिला. गंमत म्हणजे त्या भाषेंत सिंह निजत नाहीं, तर मरतो. अमेरिकेंत १९७२ सालीं रॉबर्ट जॉन यानें तें पुन्हां गाइलें आणि तिसरा क्रमांक मिळविला. ही तबकडी तयार करणारा हँक मेड्रेस हा मूळच्या टोकन्सपैकींच एक. दहा वर्षांनीं, १९८२ सालीं, ‘टाइट फिट’ या मेळ्यानें इंग्लंडांत तें पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे ठेवलें. ही तबकडी म्हणजे धंद्याचा कळसच म्हणावा लागेल. चित्रांत व दूरचित्रवाणीवर दिसणारा देखणा तरुण एक आणि तबकडींतला मुख्य आवाज दुसऱ्याच गायकाचा. १९९२ च्या सुमारास फ्रेंच आवृत्तीनें ‘पाउ वाउ’ मेळ्याच्या कंठांतून पुनश्च पहिला क्रमांक गांठला. या सर्वांत वेगळी उठून दिसते ती मिरियम माकेबा. १९६० सालीं तिनें ‘म्बुबे’ हेंच नांव ठेवून, झुलु शब्दांत तें म्हटलें. तिच्या तोंडीं तें पुन्हां शहाण्यासुरत्या माणसांचें गाणें होतें. टोकन्सच्या आवृत्तीनंतर तें ऐकलें तर एखाद्या पाळीव जनावराचा जंगली पूर्वज भेटावा तसें वाटतें.

सॉलोमन लिंडाच्या वांट्याला यांतलें फार थोडें आलें. अमेरिकेंत त्याची चाल पहिल्या क्रमांकावर वाजत होती तेव्हां तो जोहान्सबर्गच्या शेजारच्या, पुढें सोवेटो म्हणून प्रसिद्धीस आलेल्या वस्तींत मूत्रपिंडाच्या विकारानें खंगत होता. ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं तो वारला. पत्नी व मुलें मागें राहिलीं. पदरीं इतका पैसाहि नव्हता कीं त्याच्या थडग्यावर नांवाचा दगड बसवितां यावा. तो दगड बसावयास अठरा वर्षें लागलीं.

१९९४ सालीं डिस्ने कंपनीच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटांत एक मुंगूसवजा प्राणी आणि एक रानडुक्कर हें गाणें गमतीनें म्हणतांना दाखविले आहेत. चित्रपट जगभर गेला, त्यावरून १९९७ सालीं संगीत नाटकहि झालें. आणि मग २००० सालीं रायन मालान या दक्षिण आफ्रिकन पत्रकारानें ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन पत्रांत या सगळ्या व्यवहाराचा दीर्घ शोध प्रसिद्ध केला. एकट्या ‘लायन किंग’शीं निगडित वापरापासून गाण्यानें दीड कोट डॉलर मिळविले असावेत, असा त्याचा अंदाज होता. लिंडाच्या मुली तेव्हां सोवेटोंत हलाखींत दिवस काढीत होत्या.

लेखानें हळहळ उत्पन्न झाली. पण हळहळीनें हक्क मिळत नाहींत. कागद पाहिले तर लिंडानें आणि त्याच्या मागून त्याच्या वारसांनीं सह्या करून दिलेल्या होत्या. मार्ग दाखविला तो ओवेन डीन या प्रिटोरियाच्या कायदेपंडितानें, आणि तो निघाला ब्रिटिश साम्राज्याच्या एका जुन्या कायद्यांतून. १९११ च्या लेखस्वामित्वाच्या कायद्यांत असें एक कलम होतें कीं, कर्त्यानें हयातींत आपले हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं ते त्याच्या वारसांकडे परत यावेत. उमेदीच्या काळांत गरजेपोटीं आपली कृति कवडीमोलानें विकणाऱ्या लेखकाचीं मुलें देशोधडीस लागूं नयेत, हा त्यांतला हेतु. डिकन्सच्या नांवानें हें कलम ओळखलें जाई. लिंडा १९६२ सालीं वारला. म्हणजे १९८७ सालीं, या कायद्याच्या कक्षेंतील मुलुखांत, गाणें आपोआप त्याच्या मुलींचें झालें होतें. ज्या साम्राज्याच्या राज्यव्यवस्थेंत तो नागविला गेला, त्याच साम्राज्याच्या कायद्यानें त्याच्या वारसांना हात दिला. हा कायदा आपल्यालाहि परका नाहीं. थोड्या फेरफारानें तो १९१४ सालीं हिंदुस्थानास लागू झाला आणि १९५७ चा आपला स्वतंत्र कायदा अंमलांत येईपर्यंत येथें चालू होता. पुढें २०१२ च्या दुरुस्तीनें भारतांत याच्याहि पलीकडे पाऊल टाकलें: चित्रपटांतील गाण्याच्या कवीला व संगीतकाराला रॉयल्टींतला आपला वांटा आतां वारसांखेरीज किंवा वसुली करणाऱ्या संस्थेखेरीज कोणालाहि देऊन टाकतां येत नाहीं.

२००४ सालीं प्रिटोरियाच्या न्यायालयांत डिस्नेविरुद्ध दावा दाखल झाला. परदेशस्थ कंपनीवर अधिकार चालावा म्हणून तिचीं दक्षिण आफ्रिकेंत नोंदलेलीं दोनशेंहून अधिक व्यापारचिन्हें, त्यांत जगप्रसिद्ध उंदीरमामाहि होते, न्यायालयानें जप्त केलीं. आपण गाणें वापरण्याचा परवाना हक्कदार प्रकाशकाकडून, म्हणजे ‘अबिलीन म्यूझिक’कडून, रीतसर घेतला आहे, असें डिस्नेचें म्हणणें होतें. खटला निकालापर्यंत गेला नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत अबिलीन आणि लिंडाचे वारस यांच्यांत तडजोड झाली: मागील वापराबद्दल एक रक्कम, पुढील वापराच्या उत्पन्नांत वांटा, आणि गाण्याचा सहकर्ता म्हणून सॉलोमन लिंडाच्या नांवाची नोंद. पैसे सांभाळण्यासाठीं एक विश्वस्तनिधि स्थापण्यांत आला. एकूण रक्कम गुप्त ठेवण्यांत आली.

२०१९ सालीं ‘द लायन किंग’ पुन्हां नव्यानें निघाला आणि त्यांतहि मुंगूस व रानडुक्कर यांनीं हें गाणें म्हटलें. त्याआधींच, २०१२ च्या अखेरीस, लिंडाच्या मृत्यूला पन्नास वर्षें झाल्यामुळें दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याप्रमाणें ‘म्बुबे’चें स्वामित्व संपलें होतें, तेथें तें आतां कोणीहि गावें. अमेरिकेंत १९६१ च्या आवृत्तीचें स्वामित्व, प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षें या नियमानें, २०५६ च्या अखेरपर्यंत चालावयाचें आहे.